'की' कुठे बसलाय ते बघा: मराठीत पर्याय विचारायला शिकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिल्याच आठवड्यात ज्याच्याशी गाठ पडते तो शब्द म्हणजे 'की'. मिसळीच्या दुकानात "तिखट की मध्यम?", गल्ल्यावर "रोख की ऑनलाइन?", भाजीवालीकडे "पाव किलो की अर्धा?", बसमध्ये "स्वारगेट की डेक्कन?", औषधाच्या दुकानात "अख्खी पट्टी की चारच गोळ्या?". प्रश्न कळतो, कारण दोन्ही पर्याय ओळखीचे असतात. अडतं ते स्वतः विचारायची वेळ आली की. मग तोंडात हिंदीतला 'या' येतो, नाहीतर पुस्तकातला 'अथवा', आणि समोरचा क्षणभर गोंधळतो.

देवनागरी वाचता येते, मराठी बऱ्यापैकी कळते, पण बोलताना धीर होत नाही, अशांसाठी हे लिहितोय. बदली होऊन आलेले बँकेतले आणि रेल्वेतले लोक, मराठी घरात लग्न करून आलेल्या सुना आणि जावई, परदेशात वाढलेली मराठी घरांतली मुलं. गुजराती बोलणाऱ्यांना यातलं निम्मं आधीच येतं, कारण त्यांचा 'के' जवळपास हीच कामं करतो. हिंदीवाल्यांना मात्र काही सवयी मोडाव्या लागतील.

पायरी १: अर्थ पाठ करू नका, जागा बघा

शब्दकोश उघडलात तर 'की'पुढे अर्थांची रांग दिसेल आणि डोकं चक्रावेल. त्यापेक्षा ही चार वाक्यं मोठ्याने म्हणा:

चहा घेणार की कॉफी?
तो म्हणाला की उशीर होईल.
गाडी आली की सांगा.
बसा की!

पहिल्यात 'की' दोन पर्यायांच्या मधे बसलाय आणि वाक्य प्रश्नाचं आहे; म्हणजे दोन्हींपैकी एक निवडा. दुसऱ्यात तो 'म्हणाला'नंतर आलाय. काय म्हणाला ते पुढे येणार. तिसऱ्यात त्याच्या आधी 'आली' असं भूतकाळी रूप आहे. एक गोष्ट घडताच दुसरी. चौथ्यात तो सगळ्यात शेवटी आहे आणि पुढे काहीच नाही, तो आग्रह.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना यांची नावंही लागतात. पहिला विकल्पबोधक, दुसरा स्वरूपबोधक, तिसरा संकेतबोधक उभयान्वयी अव्यय. यातला पहिलाच प्रधानत्वसूचक गटात मोडतो, बाकीचे दोन गौणत्वसूचक. चौथ्याबद्दल शाळेची व्याकरणं फारसं बोलत नाहीत, पण कोल्हापूरला उतरलात तर दिवसभर तोच कानावर पडेल.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनी नावं विसरली तरी चालतील. जागा विसरू नका.

पायरी २: 'की' विचारतो, 'किंवा' सांगतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं मागाहून जमतं.

पाहुणे म्हणून गेलात आणि यजमानांनी विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" याचं उत्तर "चहा" किंवा "कॉफी". "हो" म्हणालात तर हसतील. काहीतरी घेणार हे त्यांनी धरूनच चाललंय, फक्त काय ते सांगायचंय. नको असेल तर "काही नको" असं वेगळं म्हणावं लागतं, आणि ते साधारण दोनदा म्हणावं लागतं.

आता त्यांनी विचारलं, "चहा किंवा कॉफी घेणार का?" इथे "हो, चालेल" हे उत्तर बरोबर बसतं. हवंय की नको एवढाच प्रश्न आहे. चहा आणि कॉफी ही केवळ उदाहरणं. चहा की कॉफी हे मग पुढच्या प्रश्नात ठरेल.

यातून दोन नियम निघतात. एक, 'की'ने पर्याय विचारला की शेवटी 'का' लावायचा नाही. "चहा की कॉफी घेणार का?" हे कानाला खटकतं. "चहा घेणार की कॉफी?" एवढंच पुरे. दोन, साध्या विधानात पर्याय असतील तर तिथे 'किंवा' लागतो. "उद्या की परवा येईन" असं म्हणत नाहीत. "उद्या किंवा परवा येईन" म्हणतात. विधानात 'की' येतो तेव्हा त्याच्या पोटात प्रश्न दडलेला असतो: "उद्या येईन की परवा, ते अजून ठरलं नाही."

हे शेवटचं वाक्य नीट बघा, कारण नवे लोक इथे हमखास अडखळतात. न ठरलेली गोष्ट सांगायची असेल तर मराठी आधी प्रश्न जसाच्या तसा मांडते आणि मग 'ते' किंवा 'हे' लावून पुढे जाते. "तो येणार की नाही, ते माहीत नाही." "दुकान उघडं आहे का, ते बघून ये." हिंदीच्या वळणाने "मला माहीत नाही की तो येणार की नाही" असं म्हटलं तरी कळतं, पण दोन 'की' एकमेकांच्या पायात येतात. आधी प्रश्न, मग 'ते', मग 'माहीत नाही'. हा क्रम जिभेवर बसला की तुमची मराठी एकदम मुरलेली वाटायला लागते.

'किंवा'ची आणखी एक गंमत. तो दोन्ही दारं उघडी ठेवतो. "मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे" अशी पाटी असेल आणि तुम्हाला दोन्ही असतील, तर सांगायचंच आहे. 'की' असा उदार नाही, त्याला एकच हवं असतं. डॉक्टरांनी "ताप रोज येतो की एक दिवसाआड?" असं विचारलं तर दोन्हीला "हो" म्हणता येत नाही.

सरकारी कागदांत अलीकडे 'आणि/किंवा' अशी तिरकी रेघ दिसते. मला ती आवडत नाही. 'किंवा' एकट्याने बहुतेक ठिकाणी ते काम करतो, आणि जिथे नेमकेपणा हवाच असेल तिथे "दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही" असं सरळ लिहिता येतं.

पर्याय तीन असतील तर? "चहा, कॉफी की ताक?" हे नेटकं. "चहा की कॉफी की ताक?" हेही बोलतात, त्यात थोडी लगबग असते. दोन्ही बरोबर.

पायरी ३: माणूस बदलला की क्रियापद बदला

मराठीत क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं, म्हणून "तू की मी जाऊ?" हे लंगडं वाटतं. 'जाऊ' फक्त 'मी'ला शोभतं. "तू जातोस की मी जाऊ?" असं दोघांना आपापलं क्रियापद द्या. बाईला विचारताना "तू जातेस की मी जाऊ?", मोठ्या माणसाला "तुम्ही जाताय की मी जाऊ?". लांबतं थोडं, पण मराठी असंच बोलते.

'किंवा' असेल आणि दोन्ही कर्ते तृतीय पुरुषी असतील तर क्रियापद जवळच्या नामाकडे झुकतं. "भाऊ किंवा बहीण आली असेल." "बहीण किंवा भाऊ आला असेल." 'आणि'सारखं अनेकवचन करायचं नाही.

आणि हो, 'या'. हिंदीतला हा शब्द मराठीत पर्याय दाखवत नाही. मराठीत 'या' म्हणजे आदराने दिलेलं आमंत्रण, नाहीतर 'हा-ही-हे'चं रूप: या घरात, या मुली. दुकानदाराला "मोठी पिशवी या छोटी पिशवी?" विचारलंत तर त्याला "या छोटी पिशवी" असं काहीतरी ऐकू येतं आणि तो छोट्या पिशवीकडे हात नेतो. शहरांत लोक सांभाळून घेतात. तालुक्याच्या बाजारात 'की' म्हणा, काम पटकन होतं.

पायरी ४: 'की नाही' आणि 'की काय' जपून वापरा

"येणार का?" हा साधा प्रश्न. "येणार की नाही?" यात घड्याळाकडे बघणं आहे. दोन्हींचा अर्थ एकच असला तरी सूर वेगळा. साहेबांना "फाइल बघितली का?" विचारा, "फाइल बघितली की नाही?" असं विचारलंत तर तुम्ही त्यांचे साहेब आहात असं वाटेल. मुलांना मात्र आई-बाबा दिवसभर असंच बोलतात: "जेवणार आहेस की नाही?" त्याच्याही पुढची पायरी म्हणजे "उठतोस की येऊ मी?" यात दोन पर्याय दिसतात, पण निवड करायला कोणी सांगत नसतं. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, या वाक्यानंतर कोणता पर्याय निवडायचा ते सांगेल.

हाच 'की नाही' वाक्याच्या शेवटी होकार मागायलाही येतो. "कालच सांगितलं होतं, हो की नाही?" बोलताना तो 'होकिनै' इतका आकसतो. असा ऐकू आला तर मान डोलवा, बाकी काही अपेक्षा नसते.

'की काय' ही शंका आहे, क्वचित वैताग. आभाळ भरून आलं की "पाऊस येतो की काय!" दार वाजवूनही कोणी उघडत नाही, तेव्हा "बाहेर गेले की काय?" आणि रस्त्यात कुणी आडवी गाडी घातली की "वेडा आहेस की काय?" शेवटचं ओळखून ठेवा, वापरायची घाई नको. 'काय'चं इथे भाषांतर करत बसू नका. मनात आलेला एक अंदाज पुढे ठेवायचा आणि दुसरा पर्याय रिकामा सोडायचा, एवढंच तो करतो.

ग्रामीण बोलीत आणि पुष्कळ घरांत 'की'च्या जागी 'का' ऐकू येईल: "येतोस का नाही?", "हे घेऊ का ते?" चूक म्हणून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नका. ही जुनी, रुळलेली रूपं आहेत. जुन्या ओव्यांमध्ये तर 'किंवा'च्या जागी 'कां' आणि 'नातरी' जागोजाग सापडतात. तुम्ही लिहिताना 'की' लिहा, म्हणजे झालं.

पायरी ५: कागदावर आलात, आता चष्मा लावा

बोलण्यातला पर्याय चुकला तर फार तर चहाऐवजी कॉफी मिळते. कागदावरचा चुकला तर हेलपाटा पडतो.

सगळ्यात फसवी जोडी 'व' आणि 'वा'. एका काना-मात्रेचा खेळ. "आधार कार्ड व पॅन कार्डाची प्रत जोडावी" म्हणजे दोन्ही हवीत. "आधार कार्ड वा पॅन कार्डाची प्रत जोडावी" म्हणजे एक पुरे. 'व' म्हणजे आणि, 'वा' म्हणजे किंवा. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या अर्जावर तो काना पुसट असतो, कधी कधी शेजारच्या रेघेत मिसळून जातो. शंका आली तर खिडकीवर थेट विचारा: "दोन्ही लागतील की एक चालेल?" बघा, इथे 'की' कामाला आला.

'अथवा' हा 'किंवा'चा इस्त्री केलेला भाऊ. अर्थ तोच. नियमावली, जाहिराती, निवेदनं, परीक्षेचे पेपर ही त्याची ठिकाणं: "कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर लिहा: (अ) … अथवा (ब) …". बोलताना वापरलात तर भाषण चालू आहे असं वाटेल. 'वा' लेखनात, कवितेत आणि जोडीने येणाऱ्या शब्दांत शोभतो: असो वा नसो, आज वा उद्या.

'अगर' मात्र हिंदीवाल्यांसाठी खड्डा आहे. हिंदीत अगर म्हणजे जर. मराठीत, विशेषतः कोर्टकचेरीच्या आणि जमिनीच्या कागदांत, अगर म्हणजे किंवा. नोटिशीत लिहिलेलं असतं, "आपण जातीने अगर वकिलामार्फत हजर राहावे." हे "जर वकिलामार्फत" असं वाचलंत तर वाक्याला शेंडाबुडखा राहत नाही. याचा अर्थ स्वतः या, किंवा वकील पाठवा. (आणि 'जातीने' म्हणजे स्वतः, याचा जातीशी संबंध नाही.) खरेदीखतात "विक्री, गहाण, दान अगर अन्य प्रकारे हस्तांतर" अशी माळ दिसेल, तिथेही प्रत्येक शब्दाची जागा 'किंवा'ने घेता येते. घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना मराठीतला करार वाचावा लागला तर 'अगर'खाली पेन्सिलने रेघ मारत जा. कागदाचं तात्पर्य हातात येतं.

'नाहीतर' सगळ्यांत मोकळा. बोलण्यात तो 'किंवा'चंच काम करतो: "बसने जा नाहीतर रिक्षाने." पण तोच शब्द आवाज थोडा चढवून म्हटला की धमकी होते: "वेळेवर ये, नाहीतर…" पुढचं वाक्य बहुधा पूर्ण करत नाहीत, गरज पडत नाही. 'एक तर'शी त्याची जोडी जमते: "एक तर तू जा, नाहीतर मी जातो." मात्र 'एक तर' एकटा आला तर पर्याय शोधू नका. "एक तर उशीर झालाय, त्यात हा पाऊस!" यात निवड कसलीच नाही, तक्रारींची मोजणी सुरू झालीय.

पायरी ६: शब्दच नसतो तेव्हा

मराठीला कधी कधी 'किंवा' म्हणायचाही कंटाळा येतो. "चार-पाच माणसं येतील" म्हणजे चार किंवा पाच. यजमानांनी नऊ ताटं मांडली तर तुमची मराठी पक्की नाही असं नव्हे, त्यांनी बेरीज केली असं म्हणायचं. "खरंखोटं देव जाणे", "बरंवाईट झालं तर", "पासनापास कळवतील": या सगळ्यांत मधला 'किंवा' गिळलेला आहे. व्याकरणात याला वैकल्पिक द्वंद्व समास म्हणतात आणि विग्रह करताना किंवा, अथवा, वा यांपैकी एक घालतात. खरेखोटे: खरे किंवा खोटे.

पण दिसायला अगदी सारखे असलेले काही शब्द वेगळ्या घरचे असतात. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील, दोघंही. 'भाजीपाला' म्हणजे भाजी, पाला आणि तसलं बाकीचं. 'चहापाणी झालं का?' असं कोणी विचारलं तर चहा की पाणी असं उत्तर देऊ नका. चहा, पाणी, सोबत काही खाणं, दोन शब्द बोलणं हे सगळं त्यात येतं. आणि सरकारी कचेरीबाहेर कोणी सूचक हसून "चहापाण्याचं बघा" म्हणाला, तर त्यात चहाही नसतो आणि पाणीही.

ओळखायचं कसं? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का, ते पाहा. एकच माणूस एकाच वेळी पास आणि नापास असू शकत नाही, म्हणून 'किंवा'. आई आणि वडील एकत्र येऊ शकतात, म्हणून 'आणि'. बहुतेक शब्दांना ही चाचणी लागू पडते. 'पापपुण्य' व्याकरणात वैकल्पिकमध्ये धरतात, पण "पापपुण्याचा हिशेब" म्हणताना दोन्ही मोजली जातात. असे शब्द परीक्षेसाठी वेगळे लिहून ठेवा.

पायरी ७: पर्याय न विचारणारे 'की'

बाकीच्या तीन जागा आता झरझर बघू, कारण जागा ओळखली की कोडं सुटतं.

"गाडी आली की सांगा." गाडी अजून आलेली नाही, तरी रूप भूतकाळाचं: आली. इथे नवे लोक "गाडी येईल की सांगा" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला दुसरा पर्याय ऐकायची सवय असल्यामुळे तो वाट बघत बसतो: येईल की काय? नियम सोपा आहे. आधीचं क्रियापद झाल्यासारखं बोला आणि ते माणसाप्रमाणे फिरवा: पोचलास की फोन कर, पोचलीस की फोन कर, पोचलात की फोन करा. पहिल्या परिच्छेदात मी "विचारायची वेळ आली की" लिहिलंय, ते हेच. रोजच्या सवयी, निसर्गाचे नियम, आजीचे सल्ले सगळे या साच्यात बसतात. जेवलं की झोप येते. घंटा झाली की मुलं पळतात.

"तो म्हणाला की उशीर होईल." हे बरोबरच आहे, पण बोलणारी मराठी बऱ्याचदा उलटा रस्ता घेते: "उशीर होईल असं म्हणाला." आधी म्हणणं, मग 'असं', मग म्हणणारा. "मला वाटतं की तू जावंस" यापेक्षा "तू जावंस असं मला वाटतं" हे जास्त घरगुती. प्रत्येक वाक्यात 'म्हणाले की', 'वाटते की', 'दिसते की' असं आलं तर ते बातमीपत्र वाटतं. आठवड्यातून एकदा स्वतःचं जुनं लेखन काढा आणि निम्मे 'की' 'असं'मध्ये बदलून बघा.

'इतका', 'एवढा', 'असा' यांपैकी एखादा शब्द आधी येऊन गेला असेल तर 'की' परिणाम सांगतो: "इतका पाऊस पडला की रस्ते बंद झाले." इथे मात्र 'की'ला पर्याय नाही, ठेवा.

"जसे की" आणि "न की" हे दोघे हिंदीच्या मागून चालत आले आहेत. "कारण की"मध्येही 'की'ची गरज नसते. 'कारण' एकटा पुरतो. 'जसे की'च्या जागी 'उदाहरणार्थ' किंवा नुसतं 'जसं'. "तो पुण्यात राहतो, न की मुंबईत" असं ऐकलं की माझे दात आंबतात. "तो पुण्यात राहतो, मुंबईत नव्हे" एवढं साधं वाक्य हाताशी असताना.

राहिला शेवटचा 'की'. "बसा की." "खा की अजून एक." "जाऊ दे की." "आहे की, कोण म्हणतं नाही?" सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तो प्रत्येक तिसऱ्या वाक्याला भेटतो; पुण्या-मुंबईकडे त्याच जागी 'ना' जास्त ऐकू येतो. "बसा ना" ही विनंती. "बसा की" यात "बसायला काय हरकत आहे" असं आपलेपणाचं दटावणं आहे. आश्चर्यालाही तोच: "तुम्ही तर मराठी चांगली बोलता की!" हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकायला मिळेल. तेव्हा उत्तर "हो की नाही" असा विचार करत बसू नका. "येते थोडी थोडी" म्हणा. कार्यालयीन पत्रात हा 'की' नको. घरात, बाजारात, गप्पांत बिनधास्त.

पायरी ८: लिहिताना

'की' दीर्घ. कुठल्याही जागी, कुठल्याही अर्थाने. हिंदीत 'कि' ऱ्हस्व लिहितात, कारण त्यांना संबंध दाखवणाऱ्या 'की'पासून तो वेगळा करायचा असतो: 'राम की किताब'. मराठीत ते काम 'ची' करते, रामची वही, म्हणून गोंधळाला जागाच नाही. मोबाइलवर कळफलक हिंदीचा ठेवला असेल तर तो आपणहून 'कि' सुचवतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडा. ऱ्हस्व राहतात ते 'आणि' आणि 'नि'. 'किंवा'मधली 'किं' ऱ्हस्वच.

जुन्या पुस्तकांत 'कीं' असा अनुस्वारासहित दिसेल. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आजोबांच्या पत्रात 'कीं' असेल तर ती त्यांच्या काळात बरोबर होती.

स्वल्पविरामाबद्दल दोन तट आहेत. कोणी "ते म्हणाले, की…" लिहितं, कोणी "ते म्हणाले की,…". वर्तमानपत्रांतही दोन्ही सापडतात. मी बहुतेक वेळा काहीच घालत नाही. तुम्ही जे निवडाल ते एका मजकुरात शेवटपर्यंत पाळा. पर्याय विचारणाऱ्या 'की'आधी मात्र स्वल्पविराम नको: "चहा, की कॉफी?" असं लिहिलं तर मधे उसासा टाकल्यासारखं वाटतं.

सरावासाठी वही नको, रस्ता पुरे. पहिले काही दिवस फक्त ऐका: दिवसभरात कानावर पडलेला प्रत्येक 'की' कुठे बसला होता, मधे, 'म्हणाला'नंतर, भूतकाळी रूपानंतर की शेवटी, एवढंच मनात नोंदवा. मग दुकानात आणि रिक्षात रोज एक तरी प्रश्न 'की' घालून विचारा, शेवटी 'का' न लावता: "मीटरने येणार की ठरवून?" "हे धुतलेलं आहे की कोरं?" "साहेब आत आहेत की जेवायला गेले?" त्यानंतर "…ते माहीत नाही"ची वाक्यं घ्या, ती सगळ्यात उशिरा जमतात. 'अगर' आणि 'वा' बोलायच्या भानगडीत पडू नका, वाचताना ओळखले म्हणजे झालं. आणि शेजारच्या काकूंनी "थांबा की, चहा टाकलाय" म्हटलं, तर तो पर्याय समजू नका. बसा.